डोळे जातील!

“अंधारात वाचू नकोस, डोळे जातील!” हे ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळाच. आता पुस्तकाच्या जागी मोबाईल आला, वाक्य मात्र तेच. ह्या भीतीचा माग काढत गेलो तर १८६७ सालच्या प्रशियात पोचलो.

तिथल्या ब्रेस्लाउ शहरात (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) हेरमान कोन नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. ह्या पठ्ठ्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. ना एक्सेल, ना डेटाबेस! खेड्यातल्या शाळांत मायनस नंबरवाली मुलं शंभरात एक-दोन. शहरातल्या वरच्या शाळांत थेट पंचवीसच्या वर. शिवाय इयत्ता चढेल तसा आकडा चढता. कोनने दोष दिला तो अंधाऱ्या वर्गांना, वाईट बाकांना आणि नाकाशी धरलेल्या पुस्तकांना.

मला कुतूहल आहे ते त्या खेड्यातल्या पोरांचं. ती कमी वाचत असतील, पण उन्हात हुंदडतही असणार ना! (हा आपला माझा तर्क.) चीनमधल्या ग्वांगझूचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. आमच्या ग्रुपमधल्या ज्यांची पोरं आता शाळेत जायला लागलीत, त्यांनी हा आकडा जरूर बघावा.

मग रात्रीचा मोबाईल निर्दोष? छे! दृष्टिपटलातल्या काही पेशी स्वतःच उजेड टिपून मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन ह्यांनी दाखवलं. निळा उजेड त्यांना जास्त जाणवतो. म्हणजे खरी मार बसते ती झोपेला. पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे पडतात ते वेगळंच. निळा उजेड गाळणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होतो, असं मात्र २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात दिसलं नाही. तरी आमच्या ऑफिसात दर तिसऱ्या नाकावर तो आहेच. असो.

‘डोळे गेले’ असं खरंच वाटावं असा किस्साही आहे, २०१६ चा, लंडनचा. दोन बायकांना अधूनमधून एका डोळ्याने दिसेनासं व्हायचं. तपासण्यांत काही सापडेना. शेवटी कळलं, दोघी अंधारात कुशीवर पडून मोबाईल बघायच्या. एक डोळा उशीत, अंधाराला सरावलेला; दुसरा स्क्रीनला. मोबाईल ठेवला की दुसऱ्यासमोर काही मिनिटं काळोख. डोळे दोन्ही धडधाकट!