आपल्या शाळेचे यशवंतराव : घरातला माणूस



स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि पहिल्यांदा आठवला तो नोव्हेंबर १९८४ चा शेवटचा आठवडा. आपण दहावीत होतो. इंदिराजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता. रविवारी, २५ तारखेला, यशवंतराव दिल्लीत गेल्याची बातमी आली आणि सगळे कराड प्रीतिसंगमाच्या वाटेला लागले. त्या गर्दीत मी वडिलांचा हात धरून उभा होतो. वडील संयुक्त महाराष्ट्र समितीचे कट्टर. यशवंतरावांना त्यांनी आयुष्यात कधी मत दिले नव्हते. तरी त्या दिवशी ते डोळे पुसत म्हणाले, "आपल्या घरातला माणूस गेला रे."

मला तेव्हा ते कळले नाही. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झालेला माणूस आपल्या घरातला कसा? पुढे वाचत गेलो तसे उत्तर सापडत गेले. ते उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरातच आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, आजोळी, देवराष्ट्र्याला. लहानपणीच वडील प्लेगमध्ये गेले. आई विठाई निरक्षर, पण मुलांनी शिकावे हा तिचा हट्ट. थोरले भाऊ ज्ञानोबा नोकरीला लागले, मधल्या गणपतरावांनीही घराचा भार उचलला, आणि धाकटा यशवंता आपल्या टिळक हायस्कूलच्या बाकावर बसू शकला. तुम्ही कोण होणार, असे एकदा गुरुजींनी वर्गाला विचारले. मुलांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांची नावे लिहिली, यशवंताने स्वतःचेच नाव लिहिले. ही गोष्ट आपल्यालाही प्रत्येक गॅदरिंगला ऐकायला मिळाली आहे. तिचा अर्थ आपण 'केवढा आत्मविश्वास' असा लावत आलो. मला आता त्यात आणखी काही दिसते. ज्या पोराच्या पाठीशी आई आणि दोन भाऊ आपले सगळे लावून उभे आहेत, त्यालाच स्वतःचे नाव इतके मोलाचे वाटते.

२६ जानेवारी १९३२ रोजी शाळेच्या आवारात तिरंगा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वय अठरा-एकोणीस. आई भेटायला तुरुंगात गेली तेव्हा आपल्याच शाळेतले एक शिक्षक सोबत होते. पोराचे वर्ष वाया जाऊ नये या कळवळ्याने त्यांनी माफीचा विषय काढला. विठाईने साफ नकार दिला. माफी मागायची गरज नाही, तब्येतीला जप, एवढेच ती मुलाला सांगून आली. त्या तुरुंगात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात यशवंतरावांना वाचनाची आणि माणसांची गोडी लागली. सुटल्यावर ते पुन्हा शाळेत आले आणि १९३४ साली मॅट्रिक झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए., मग वकिली.

२ जून १९४२ ला फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताई सून म्हणून कराडच्या घरात आल्या. दोनच महिन्यांत 'चले जाव'चा ठराव झाला आणि नवरा भूमिगत. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत, आणि पोलिसांनी वेणूताईंनाच अटक केली. गणपतरावही तुरुंगात गेले. त्याच धामधुमीत ज्ञानोबा वारले आणि भूमिगत यशवंतरावांना घरी येता आले नाही. तुरुंगातून सुटलेल्या वेणूताई आजारी पडल्या. त्यांना पाहायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले. चळवळीच्या इतिहासात ही एका ओळीची नोंद असेल. विठाईच्या घरात मात्र एका वर्षात मुलगा गेला, दोघे कैदेत आणि सून अंथरुणावर. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ च्या अखेरीस, गणपतरावही क्षयाने गेले. दोन्ही भावांच्या मागे उरलेल्या संसारांची जबाबदारी यशवंतराव-वेणूताईंनी घेतली. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. घर मात्र कधी रिकामे नसे.

माणसांत रमणे हा त्यांचा स्वभावच. साहित्यिक, गवई, पैलवान, गावाकडचा शेतकरी, सगळ्यांशी त्यांचे गणगोत. राजकारणात ते सगळ्यांना पटले असे मात्र नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी त्यांनी नेहरूंची बाजू घेतली, ते माझ्या वडिलांसारख्या हजारोंच्या जिव्हारी लागले. १९५७ ला आपल्याच कराडात ते थोडक्या मतांनी निवडून आले. पण विरोधकाला त्यांनी वैरी मानले नाही, आणि म्हणून विरोधकांनाही त्यांना परके मानता आले नाही.

ते मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत कमाई असलेल्यांची मुले, जात कोणतीही असो. आपल्या थोरल्या भावंडांना 'ईबीसीचा फॉर्म' आठवत असेल. तलाठ्याचा दाखला, वडिलांची सही किंवा अंगठा. एका मुलाच्या शिक्षणासाठी अख्खे घर कसे झिजते, हे ज्याने विठाईच्या घरात पाहिले होते, त्याच्याच काळात हा फॉर्म आमच्या घरात आला. समितीवाल्या वडिलांनीही त्यावर मुकाट्याने सही केली होती.

१९६२ च्या चीन युद्धात नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. तिथून पुढे संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र. परदेशी गेले की ते वेणूताईंना सविस्तर पत्रे लिहीत. काय पाहिले, कोण भेटले, सगळे. 'विदेश दर्शन' या नावाने ती पत्रे पुढे छापली गेली. जगाच्या राजकारणातली माणसे भेटल्यावर ते आधी घरी सांगावेसे वाटणारा हा गृहस्थ होता.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्यानंतरचे दीड वर्ष यशवंतराव जगले, पण एकटे पडले. 'कृष्णाकाठ' हा आत्मचरित्राचा पहिला खंड १९८४ साली आला. पुढचे दोन खंड मनातच राहिले. कराडात त्यांनी स्मारक उभारायला घेतले ते स्वतःचे नव्हे, वेणूताईंचे. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिथेच दिला.

आता मला वडिलांचे वाक्य कळते. आपल्या मोठेपणाची किंमत घरातल्यांनी मोजली आहे, हे ते कधी विसरले नाहीत. आई, दोन भाऊ, भावजया, पत्नी. आपल्यापैकी प्रत्येकाच्या दहावीच्या प्रमाणपत्रामागेही अशी चार माणसे आहेत, ज्यांची नावे त्यावर छापलेली नाहीत.

मेळाव्याला येणारच आहात, तर सकाळचा एक तास राखून ठेवा. प्रीतिसंगमावर तर आपण नेहमीच जातो. या वेळी तिथून वेणूताईंच्या स्मारकातही जाऊ. आणि ज्यांचे आई-वडील, वहिनी, थोरली बहीण अजून आहेत, त्यांनी तिथूनच घरी एक फोन करावा.