दूतीपदातून मुक्त झालेली सखी : तंजावरची शृंगारपरंपरा आणि दोन मुलींची प्रेमकथा

तंजावरच्या मराठी राजवटीतील (1676 ते 1855) नाट्यवाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दोन प्रश्नांकडे गेले आहे. मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'पासून मानावा, की शहाजीराजांच्या (कारकीर्द 1684 ते 1712) 'लक्ष्मीनारायण कल्याण'सारख्या नाटकांपासून, हा पहिला प्रश्न. आणि मराठी, तेलुगू, तमीळ व संस्कृत या भाषा एकाच दरबारात नांदल्याने वाङ्मयप्रकारांची जी देवघेव झाली तिचे स्वरूप काय, हा दुसरा. या दोहोंच्या छायेत एक तिसरा प्रश्न मागे राहिला. या शृंगारप्रधान रचनांत नायिकेच्या शेजारी सतत वावरणारी सखी वाङ्मयदृष्ट्या कोण आहे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ नाट्यशास्त्रीय नाही. 1998 च्या डिसेंबरात 'फायर' या चित्रपटाच्या प्रदर्शनाला मुंबईत हिंसक विरोध झाला, तेव्हा दोन स्त्रियांमधील प्रेम ही भारतीय परंपरेला परकी वस्तू आहे असे सांगितले गेले. त्याला उत्तर म्हणून परंपरेतील नायिका-सखींच्या जोड्या पुराव्यादाखल पुढे करण्यात आल्या. एका बाजूने अभाव, दुसऱ्या बाजूने अस्तित्व सिद्ध करण्याचा हा प्रयत्न होता. परंतु दोन्ही बाजूंनी भावना आणि कथा यांत फरक केला नाही. एखादी भावना समाजात असणे वेगळे आणि तिला आरंभ, विलंब व शेवट असलेली कथा लाभणे वेगळे. तंजावरची सामग्री या फरकाचा उलगडा करण्यास विशेष उपयोगी पडते.

तंजावरच्या दरबारात सखीच्या दोन परंपरा एकत्र आल्या. तमीळ संघकालीन अहम् काव्यातील 'तोळि' ही नायिकेची जिवलग मैत्रीण. नायिकेचे दुःख नायकाला, आईला आणि श्रोत्याला तीच सांगते. संस्कृत अलंकारशास्त्रातील सखीची कामेही ठरलेली आहेत. भानुदत्ताच्या 'रसमंजरी'त मंडन, उपालंभ, शिक्षा आणि परिहास ही सखीची कर्मे सांगितली आहेत. नायक-नायिकांचे संघटन आणि विरहनिवेदन ही दूतीची. शास्त्राने अशा रीतीने सखी व दूती वेगळ्या मानल्या, तरी प्रत्यक्ष प्रयोगात ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच पात्राकडे येतात. नायिकेला सजवणारी, तिच्या कपाळावर हात ठेवणारी, रात्रभर तिच्याजवळ जागणारी स्त्री पहाटे निरोप घेऊन नायकाकडे निघते. तिच्या सहवासाचा सगळा अर्थ तिसऱ्या, अनुपस्थित व्यक्तीच्या ठिकाणी असतो.

कुरवंजी या नाट्यप्रकारात ही रचना अगदी उघड दिसते. देवाची किंवा राजाची मिरवणूक पाहून नायिका कामविव्हल होते, सखीला दूती करून पाठवते. मग डोंगरातून आलेली कुरवंजी तिचा हात पाहून मीलनाचे भविष्य सांगते आणि बक्षीस घेऊन जाते. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या स्तुतीसाठी कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली तमीळ 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' याच साच्यातली असून बृहदीश्वराच्या मंदिरात देवदासी तिचा प्रयोग करीत असत. या प्रकारात रंगमंचाचा मोठा काळ केवळ स्त्रियांच्या संवादाने व्यापलेला असतो. तरीही त्या संवादाचे मोजमाप एकच: त्याने नायक किती जवळ आला.

या साच्यातून बाहेर पडणारी एक वाट स्वतः सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या मराठी 'देवेंद्र कुरवंजी'त दिसते. येथे कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. हात पाहण्याच्या निमित्ताने एका स्त्रीने दुसरीला खंडे, देश आणि समुद्र यांची माहिती द्यावी, ही कल्पना नव्या शिक्षणाच्या ओढीतून आली आहे. याच राजाच्या छापखान्यातून 1806 साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापनीतीचे मराठी रूपांतर बाहेर पडले. 'देवेंद्र कुरवंजी'त प्रेमकथा नाही. पण दोन स्त्रियांमधील संभाषणाला पुरुषाच्या निरोपाखेरीज दुसरा विषय मिळाला, एवढी गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे.

दुसरी वाट अधिक वेदनामय आहे. प्रतापसिंह राजाच्या (कारकीर्द 1739 ते 1763) दरबारातील गणिका-कवयित्री मुद्दुपळनी हिने 'राधिका सांत्वनमु' हे तेलुगू काव्य रचले. राधा येथे प्रौढ आहे. तिने लहानपणापासून वाढवलेली इळा ही कृष्णाची नवी वधू होते. राधा स्वतः तिला शृंगाराचे धडे देते, पहिल्या रात्रीसाठी तयार करते, आणि मग कृष्ण तिच्यात रमला म्हणून जळते. राधा आणि इळा यांच्यातील जिव्हाळा या काव्याच्या पूर्वार्धाचा आधार आहे. परंतु कथा पुढे सरकते ती राधेच्या मत्सराने. तिचा निरोप नेण्याचे काम पोपटाकडे जाते आणि शेवटी तिचे सांत्वन करतो तो कृष्ण. इळेला राधेविषयी काय वाटले, हा प्रश्न काव्यात उमटून विरून जातो.

या काव्याचे पुढे काय झाले तेही लक्षात घ्यावे लागते. बंगळूर नागरत्नम्मा हिने 1910 साली त्याची संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. 1911 मध्ये ब्रिटिश सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून तिच्यावर बंदी घातली. ती 1947 साली उठली. स्त्रीने स्वतःच्या इच्छेबद्दल लिहिणे हाच येथे अपराध ठरला. अशा वातावरणात शृंगारातील स्त्री-स्त्री संबंध स्वतंत्र कथाविषय होण्याची शक्यता आणखी मावळली.

तंजावरच्या रचनांत जे बीजरूपाने राहिले त्याला कथारूप कोणत्या परिस्थितीत येते, हे पाहण्यासाठी जपानकडे वळणे उपयुक्त ठरते. येथे प्रभावाचा प्रश्नच नाही. तुलना आहे ती सामाजिक पूर्वअटींची. जपानमध्ये 1899 च्या आदेशानुसार प्रत्येक प्रांतात मुलींची उच्च माध्यमिक शाळा असणे बंधनकारक झाले. घर सुटलेले, लग्न अद्याप दूर, अशी काही वर्षे मध्यमवर्गीय मुलींच्या वाट्याला आली, आणि त्यांच्यासाठी खास मासिके निघाली. 1916 पासून योशिया नोबुको हिच्या 'हाना मोनोगातारी' या कथामालेतील 52 कथा अशा मासिकांतून वाचकांपुढे आल्या. शाळेतील थोरली आणि धाकटी, वसतिगृहातील दोघी, निरोपाचे पत्र, वाळलेले फूल ही तिची सामग्री. अशा नात्यांना इंग्रजी 'सिस्टर' शब्दाच्या आद्याक्षरावरून 'एस' म्हणत. शाळा संपली, लग्न झाले, की ते नाते संपावे अशी अपेक्षा असे; म्हणून या कथांवर वियोगाची छाया आहे. मात्र 1919-20 च्या सुमाराच्या 'यानेउरा नो निशोजो' या कादंबरीत योशियाने माळ्यावरच्या खोलीतील दोन एकाकी मुलींना एकत्र बाहेर पडू दिले.

याच परंपरेतून पुढे चित्रकथा, म्हणजे 'मांगा', आली. यामागिशी र्‍योको हिची 1971 ची 'शिरोई हेया नो फुतारी' ही या प्रकारातील आद्य कृतींपैकी एक मानली जाते. तिचा शेवट शोकान्त आहे. 2003 साली केवळ अशा कथांना वाहिलेले 'युरी शिमाई' हे नियतकालिक निघाले, आणि 'युरी' (अर्थ: लिलीचे फूल) हे प्रकाराचे नाव स्थिर झाले. शिमुरा ताकाको हिची 2004 ते 2013 या काळात क्रमशः आलेली आठ खंडांची 'आओई हाना' ही त्यातील लक्षणीय कृती. कामाकुरा शहरात फुमी आणि आकिरा या बालमैत्रिणी दहा वर्षांनी रोजच्या गाडीत भेटतात; दोघी वेगवेगळ्या मुलींच्या शाळांत जातात. फुमीच्या मनात आधीच्या एका नात्याचे दुःख आहे, आकिराला स्वतःच्या मनाचा अंदाज नाही. आठ खंड ही कथा घाई करीत नाही. संवादाविना चौकट, गाडीची खिडकी, न पाठवलेले वाक्य यांतून प्रेमाला लागणारा वेळच वाचकाला दिसतो. विलंब हा येथे अडथळा नसून आशय आहे, आणि निरोप नेणारे कोणी तिसरे लागत नाही. त्या दोघीच एकमेकींच्या श्रोत्या असतात.

मराठीत हा वेळ मुलींना कधी मिळाला, हे पाहिले म्हणजे तंजावरचा अर्थही स्पष्ट होतो. ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमू आणि दुर्गी यांचा स्नेह आहे. परंतु बालविवाहामुळे दोघींचे आयुष्य सासरच्या दारात थांबते. पुण्यात मुलींचे हायस्कूल 1884 साली निघाले, कर्व्यांचे महिला विद्यापीठ 1916 साली, म्हणजे योशियाची कथामाला सुरू झाली त्याच वर्षी. शाळा आली; पण शाळेतल्या मुलीची कथा मराठीत दीर्घ काळ विवाह, वैधव्य आणि सुधारणा यांच्या प्रश्नांतच मांडली गेली.

विजय तेंडुलकर यांच्या 1981 च्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात हे चित्र बदलते. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयात सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही मुलगी एका नाटकात पुरुषपात्र करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. 'आओई हाना'तही शालेय रंगमंचावर एक मुलगी पुरुषपात्र रंगवते आणि त्यातून अनुरागाच्या गुंत्याला रूप येते; सहशिक्षणाचे महाविद्यालय असो वा मुलींची शाळा, दोन्हीकडे रंगमंचाने मुलींना एक तात्पुरती मोकळीक दिली. मात्र तेंडुलकरांच्या नाटकाचा निवेदक बापू हा पुरुष मित्र आहे. मित्रा-नमांच्या भेटी त्याच्या खोलीच्या आश्रयाने होतात. म्हणजे दूतीपद गेले नाही, त्यावर पुरुष आला. मित्राची गोष्ट ती स्वतः सांगत नाही, आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. तिच्या एकाकीपणाला ऐकणारा कान मिळाला, पण त्या एकाकीपणाला सोबत देणारी दुसरी मुलगी शेवटपर्यंत उभी राहिली नाही.

तेव्हा तंजावरच्या सखीकडे परंपरेतील समलिंगी प्रेमाचा थेट पुरावा म्हणून पाहणे जितके घाईचे, तितकेच ती केवळ शास्त्रातील साचा आहे असे म्हणणे अपुरे. तिच्या वाट्याला जवळीक पूर्ण होती. वेळ, स्वतंत्र प्रयोजन आणि तिला उद्देशून लिहिणारे माध्यम मात्र नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. परंतु कायद्याने दिलेल्या मोकळिकीचे वाङ्मयात रूपांतर व्हायला कथेची रचना बदलावी लागते. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी नाट्यहस्तलिखिते वाचताना सखी नायकाकडे निघण्यापूर्वी नायिकेशी काय बोलते, किती काळ बोलते आणि कोणत्या विषयावर बोलते, याची पदवार नोंद झाली, तर मराठी स्त्री-कथेच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित आरंभ हाती लागू शकेल. त्या नोंदीसाठी नायक येण्याच्या आधीचा तो वेळ केवळ प्रतीक्षेचा न मानता वाचावा लागेल.