तुरटी, वस्तरा आणि गालाची आग

दाढी झाल्यावर गालाची जी आग होते तिला हल्ली 'रेझर बर्न' म्हणतात, आणि तिच्यावर उतारा म्हणून मॉलमध्ये अख्खं शेल्फ भरलेलं असतं. आमच्या कुंभार पिंपळगावात (तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, समर्थांचं जांब याच तालुक्यातलं) उतारा एकच होता. तुरटीचा खडा! पाण्यात बुडवायचा, गालावरून फिरवायचा, आणि गिऱ्हाइकाने 'स्स्स' केलं की समजायचं, काम झालं.

आता इंजिनिअर असल्यामुळे 'हे चालतं कसं' हा किडा डोक्यात वळवळतोच. पातं केसाबरोबर त्वचेचा अगदी वरचा थरही थोडा खरवडून नेतं. तुरटी म्हणजे पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. तिने जखमेवरची प्रथिनं साकळतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त थांबतं. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून रंगारी हीच तुरटी वापरत आले, गढूळ पाणी निवळायलाही हीच. एवढं बहुगुणी आणि इतकं स्वस्त दुसरं काही मला तरी आठवत नाही.

पण हा खडा कुणाच्या गालावर फिरायचा, ही खरी गोष्ट.

आमच्या गावाच्या नावातच एक बलुतेदार आहे, कुंभार. न्हावी दुसरा. काखेत धोकटी, तिच्यात वस्तरा, तो लावायची पथरी, वाटी, आरसा आणि तुरटी. पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर धान्य. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, पण बलुत्याचा हिशोब काही एका रात्रीत बदलला नाही. आणि या हिशोबात सगळं गाव नव्हतंच. दलित वस्तीत ही धोकटी उघडायची नाही, हा महाराष्ट्रभरचा अलिखित नियम. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्यातलं बालपण सांगितलंय. घरात न्हाव्याला द्यायला पैसे होते, गावात न्हावीही होते, तरी भावांचे केस थोरली बहीणच कापायची. करून करून ती त्यात अगदी तरबेज झाली होती म्हणे. मला हा तपशील वाचल्यापासून सोडत नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अशी सेवा नाकारणं गुन्हा ठरलं. गुन्हा ठरलं म्हणजे लगेच थांबलं, असं मात्र नाही.

उलट टोकाला अशा बायका, ज्यांना वस्तरा नको असताना मिळायचा. ब्राह्मण घरांतून, आणि त्यांचं बघून इतरही काही घरांतून, नवरा गेला की केशवपन. एकदा करून संपत नाही हो ते! केस वाढले की पुन्हा न्हावी, पुन्हा वस्तरा, आयुष्यभर. दहा-बारा वर्षांची मुलगी असली तरीही. दर वेळी सोललं जाणारं ते डोकं, त्याची आग, फोड... याचं औषध विचारायचंही कुणाला? अंगाला हळद लागायचा मान तर केव्हाच गेलेला. आगरकरांनी याविरुद्ध 'सुधारक'मधून कडाडून लिहिलं. पण मला जास्त भावतात ते न्हावी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो न्हावी जमले आणि यापुढे विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे म्हणजे जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. म्हणजे बघा, ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनीच ते खाली ठेवलं. शाळेच्या पुस्तकात हा धडा माझ्या तरी वाट्याला आला नाही.

असो. तिकडे अमेरिकेत जिलेटला १९०४ मध्ये बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं आणि हळूहळू दाढी न्हाव्याच्या पाटावरून घरच्या आरशासमोर आली. पात्याचं पाकीट विकत घेणाऱ्याला जात विचारत नाहीत, हा त्याचा एक फायदा. मग आले आफ्टरशेव्हवाले. ओल्ड स्पाइसचा पुरुषांसाठीचा माल १९३८ चा. त्यातलं अल्कोहोल जंतू मारतं हे खरं, पण त्वचा कोरडीही करतं. 'झोंबतंय म्हणजे चांगलं' ही समजूत तुरटीकडून आली की बाटलीकडून, देव जाणे! आपल्या पेंढरकरांच्या विकोने १९७५ मध्ये हळदीची क्रीम ट्यूबमध्ये भरली, तर ती औषध की सौंदर्यप्रसाधन यावर कराचा वाद होऊन वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. निकाल शेवटी विकोच्या बाजूने लागला.

गावातल्या सलूनमध्ये मोठा बदल आणला तो मात्र भीतीने. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले, आणि पुढच्या काही वर्षांत वस्तऱ्यात अर्धं ब्लेड मोडून घालायची पद्धत रुजली. गिऱ्हाईक खुर्चीत बसून 'नवीन ब्लेड लाव' असं बजावायला लागलं. गंमत अशी की ब्लेड बदललं, खडा तोच राहिला! सकाळपासून दहा जणांच्या ओरखड्यांवरून फिरलेला. कावीळ ब चा विषाणू रक्तातून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि शरीराबाहेर आठवडाभर तग धरतो. तुरटीने रक्त थांबतं, पण तिच्यावर विसंबून हा विषाणू मरेल असं समजू नका.

तेव्हा सलूनला जाताना आपली स्वतःची तुरटी खिशात ठेवा. घरी करत असाल तर केसांच्या दिशेनेच पातं चालवा, विशेषतः केस कुरळे असतील तर. उलट्या दिशेने फार खोल कापलेला केस त्वचेतच वळतो आणि पुळ्या येतात. नंतर गार पाणी, आणि वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. वॅक्सिंग करणाऱ्यांनाही हेच, शिवाय एक दिवस घट्ट जीन्स नको आणि कडक ऊन नको. पुळ्यांत पू झाला तर मात्र तुरटी, हळद सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.