थ्येनमा : भोवळीवरील चिनी कंद

उभ्या माणसाच्या पायांखालची भूमी फिरू लागावी, डोळ्यांपुढे अंधारी यावी आणि आधारासाठी भिंत चाचपावी लागावी, हा अनुभव कोणत्याही देशात नवा नाही. आपल्याकडे त्याला भोवळ, घेरी, चक्कर अशी नावे आहेत. चिनी वैद्यांनी त्याचे एक कारण शरीराच्या आत उठणाऱ्या वाऱ्यात शोधले. वावटळीने झाड हेलकावे, तसे यकृताच्या आश्रयाने उठलेल्या या वाऱ्याने मस्तक हेलकावते, अशी त्यांची धारणा. आयुर्वेदातील वाताची येथे आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही शास्त्रांची मांडणी स्वतंत्र असून केवळ शब्दसाम्यावरून त्यांची सांगड घालणे बरे नव्हे.

या वाऱ्याला आवरण्यासाठी त्यांनी जी वनस्पती निवडली तिचे नाव थ्येनमा. ही आमरांच्या, म्हणजे ऑर्किडांच्या, कुळातील. हिला हिरवे पान नाही, मूळही नावापुरतेच. उन्हाळ्याच्या तोंडी जमिनीतून तांबूस रंगाचा सरळ दांडा तेवढा वर येतो. म्हणून जुन्या निघंटूंत तिला ‘तांबडा बाण’ म्हटले आहे. वारा वाहत असता हा दांडा निश्चल राहतो आणि वारा नसता आपोआप थरथरतो, असा समज होता. त्यावरून ‘वारा शमवणारी’ असेही तिचे एक नाव पडले. औषधाचा गुण त्याच्या रूपावरून ठरवण्याची ही रीत आज भाबडी वाटेल. पण पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांनी तिचा कंद सोडला नाही, तो केवळ नावाच्या मोहाने नव्हे.

शन्नुंगच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन निघंटूत हा ‘तांबडा बाण’ उत्तम वर्गातील औषधांत गणलेला आहे. पुढे सुंग राजवटीत ‘थ्येनमा’ ही निराळी नोंद आली आणि एकाच वनस्पतीची दोन औषधे झाली. अकराव्या शतकातील बहुश्रुत राजपुरुष शन कुओ याने ही दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट सांगितले. बाण म्हणजे दांडा, तेव्हा दांडाच वापरावा, या युक्तिवादालाही त्याने खोडून काढले. औषध कंदातच आहे, हे त्याचे म्हणणे. इतके थोर द्रव्य लोक वाताच्या विकारांपुरतेच वापरतात, याची मात्र त्याला खंत वाटे. अखेर ली शीचन याने सोळाव्या शतकातील आपल्या महाग्रंथात दोन्ही नोंदी एकत्र आणल्या.

भोवळीवरील काढ्यांपैकी एक प्रसिद्ध काढा चंग क्वोफंग या वैद्याच्या 1732 सालच्या ग्रंथात आहे. कफामुळे येणाऱ्या चक्करीसाठी तो सांगितला असून त्यात थ्येनमाबरोबर आले व बोरेही पडतात. दुसरा, थ्येनमा व कौथंग या वेलीचा काढा, तो प्राचीन असल्याचे पुष्कळांना वाटते; वस्तुतः हू क्वांगत्स यांनी तो 1958 मध्ये ग्रंथित केला, आणि त्यामागे वाढत्या रक्तदाबाचा आधुनिक विचार होता. अर्थात भोवळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. ती कानातून उद्भवते, रक्तदाबातून उद्भवते, आणखी कितीतरी कारणांनी येते. एकच काढा सर्वांना लागू पडेल, असे ते वैद्यही म्हणत नसत.

पण या कंदाच्या इतिहासातील खरी अडचण औषधाची नव्हती, तो मिळवण्याची होती. हिवाळ्यात, दांडा फुटण्यापूर्वी खणलेला कंद भरीव व गुणी. परंतु त्या वेळी जमिनीवर त्याची काहीच खूण नसते. दांडा वर आला की जागा सापडते, पण कंद सुरकुतून पोकळ झालेला असतो. शिवाय फुलण्याआधीच खणल्यामुळे बी पडत नाही. डोंगर असे रिकामे होत गेले. शेतात लावावा तर कंद मातीतून नाहीसा होई. थ्येनमा पळून जाते, असे शेतकरी म्हणत.

ती पळत नव्हती, उपाशी मरत होती. 1911 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुसानो शुन्सुके यांनी दाखवले की, हरितद्रव्य नसलेली ही वनस्पती आर्मिलारिया नावाच्या भूछत्रावर जगते. झाडांची मुळे कुजवणारी ही बुरशी कंदात शिरते ती खाण्यासाठी. पण कंदच तिला पचवून टाकतो! चोराच्या घरी चोरी म्हणावी, ती ही. या ज्ञानाचा शेतीला उपयोग होण्यास मात्र अर्धशतक जावे लागले. हूपे प्रांतातील लीछ्वानच्या डोंगरांत शू चिनथांग यांनी अनेक अपयशांनंतर 1965 च्या सुमारास बुरशी लागलेल्या लाकडांशेजारी कंद पुरून पीक घेतले. युन्नानमध्ये चौ श्वेन यांचेही प्रयत्न त्याच दशकातले. धुळीसारख्या बारीक बियांना रुजण्यासाठी मायसीना ही निराळीच बुरशी लागते, हे पुढे 1980 च्या सुमारास उमगले.

आज बाजारातील बहुतेक थ्येनमा लागवडीची आहे. तिच्यासाठी ओकसारख्या झाडांचे ओंडके तोडून खड्ड्यांत पुरावे लागतात. आणि एकदा पीक निघाले की त्याच खड्ड्यात ते पुन्हा नीट येत नाही, म्हणून शेतकरी रानात पुढची जागा शोधतो.