मूळ : माती, हवा आणि पाणी

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील ऑक्सिजनवर त्यांचे श्वसन चालते. मूलरोम पाणी शोषतात आणि हायड्रोजन आयन सोडून मातीकणांना चिकटलेली खनिजे सुटी करतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. भात तगतो तो मुळांतील वायुमार्गांमुळे.

शहरात मुळांची हवा काँक्रीटही तोडते. ग्वाल्हेरचा लष्कर हा परिसर १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला. कंपू त्याचाच भाग. अशा जुन्या, दाट वस्तीत कडुनिंब-पिंपळाच्या बुंध्याला काँक्रीट भिडले की हवेची वाट बंद होते आणि पावसाचे पाणी वरच्यावर वाहून जाते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले. कंपूतल्या झाडांनाही एवढी माती मोकळी मिळायलाच हवी.