शस्त्राचा भार आणि वस्त्राची झीज



लंडनच्या संग्रहालयांतून आणलेलीं वाघनखें २०२४ सालीं साताऱ्याच्या वस्तुसंग्रहालयांत ठेवण्यांत आलीं, आणि महाराष्ट्रांतील पुष्कळ लोकांनीं तीं डोळे भरून पाहिलीं. तीं प्रतापगडचींच होत, असें त्यांच्या मालक संग्रहालयानेंही निश्चयानें म्हटलेलें नाहीं. पण तो वाद आज माझा विषय नव्हे. माझ्या मनांत आलें तें निराळेंच. लोखंड काचेच्या कपाटांत येऊन बसलें. परंतु त्या दिवशीं ज्या अंगरख्याच्या आडोशानें शस्त्र नेलें, तो अंगरखा कोठें आहे? लोखंड राहतें, कापड जातें. म्हणून इतिहासांत शस्त्रांचीं वर्णनें विपुल मिळतात, आणि त्यांचा भार वाहून झिजलेल्या वस्त्रांविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. अंगावर शस्त्र बाळगणारा मनुष्य त्याचा भार कशावर टाकीत असे, त्या भारानें वस्त्र कोठें झिजे, आणि ती झीज टाळण्यासाठीं व सांधण्यासाठीं आपल्याकडे काय करीत, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रारंभ मोहोळ तालुक्यापासून करूं. या तालुक्यांत भीमेच्या कांठीं बेगमपूर नांवाचें गांव आहे, आणि नदीच्या पैलतीरीं ब्रह्मपुरी व माचणूर हीं गांवें आहेत. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेब बादशहाची छावणी ब्रह्मपुरीस होती; त्या मुक्कामांत निवर्तलेल्या त्याच्या कन्येची कबर बेगमपुरास आहे, असें सांगतात. चार वर्षें एवढी फौज एका ठिकाणीं राहिली, म्हणजे तेथें केवळ तरवारींचा खणखणाट नव्हता. धार लावणारा शिकलगार, म्यान शिवणारा चर्मकार आणि फाटलें तुटलें सांधणारा शिंपी यांवांचून छावणीचा एक दिवसही निभत नाहीं.

त्या काळचीं मोगल व दख्खनी चित्रें पाहावीं. सरदाराच्या अंगांत तलम जामा असतो, त्यावर कमरेस शेला अथवा पटका गुंडाळलेला असतो, आणि कट्यार खोंवलेली असते ती त्या शेल्यांत. जाम्याला तिचा स्पर्शही होत नाहीं. हा शेला केवळ शोभेचा नव्हता. तो न कापलेला, न शिवलेला, लांबच लांब कापडाचा पट्टा. तो कमरेभोंवतीं चार फेरे घेई. शस्त्राचा भार एका टांक्यावर न पडतां सगळ्या कमरेवर वांटला जाई. शिवाय आज जो पदर बाहेर आला तो उद्यां आंत घालतां येई, म्हणून रोज एकाच जागीं घासणी होत नसे. शेवटीं शेला विरला तर शेलाच बदलावा. अंगरखा शाबूत राही. झिजणारी वस्तु निराळी ठेवावी, म्हणजे जपण्याची वस्तु वांचते, हें साधें तत्त्व त्यांत होतें. पुढील सर्व युक्त्या याच तत्त्वाच्या शाखा आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या काळीं शस्त्र हें वस्त्राच्या वर मिरविलें जाई; तें मानाचें चिन्ह होतें. वस्त्राच्या आंत शस्त्र दडविण्याचा प्रसंग अपवादाचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडच्या पायथ्याशीं तसा प्रसंग आला. शिवाजी महाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत आणि मंदिलाखालीं शिरस्त्राण घातलें होतें, बाहींत बिचवा लपविला होता व मुठींत वाघनखें धरलीं होतीं, असें बखरींवरून व पुढील इतिहासकारांच्या लेखनावरून परंपरेनें सांगितलें जातें. खानाचा वार चिलखतामुळें व्यर्थ गेला, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण कापडाच्या दृष्टीनेंही त्याकडे पाहावें. लोखंडी कड्यांचें चिलखत उघड्या अंगावर घालतां येत नाहीं. तें आंतून कातडी सोलतें आणि बाहेरून वरचें वस्त्र कुरतडतें. म्हणून त्याच्या आंत जाड, कापूस भरलेलें वस्त्र आणि वरती ऐसपैस अंगरखा, अशी रचना करावी लागते. तंग कपड्यांतून लोखंडाचा आकार उठून दिसतो आणि जेथें तो उठून दिसतो तेथेंच कापड आधीं विरतें. गुपित फुटण्याची जागा आणि कापड फाटण्याची जागा एकच असते!

सामान्य रयतेला शस्त्रापेक्षां पैशाचा भार अधिक परिचयाचा होता. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा. शंभर रुपये जवळ घेऊन पंढरीची वाट चालणारा मनुष्य शंभर तोळे, म्हणजे एक किलोहून अधिक वजन अंगावर वागवीत असे. तें तो बंडीच्या खिशांत टाकी काय? मुळींच नाहीं. त्यासाठीं कसा असे. म्हणजे लांब, अरुंद, दुहेरी कापडाची पिशवी. ती कमरेला बांधून वरून धोतर नेसावें, म्हणजे चोरालाही दिसूं नये व धोतरही फाटूं नये. बंडीला आंतल्या बाजूनें चोरखिसा असे, पण तो चिठ्ठीचपाटी व चार सुट्या नाण्यांपुरता. सोलापुरास सिद्धरामेश्वराच्या यात्रेंत नंदिध्वज धरणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. ती पाहिली म्हणजे जुन्या पोषाखाचा स्वभाव कळतो. बंदांवर बांधलेलें, सैल, जड वस्तूसाठीं न केलेलें असें तें वस्त्र आहे. जड वस्तूची जागा कमरेला.

हा क्रम बदलला एकोणिसाव्या शतकांत. एकीकडे बंद गळ्याचा कोट आला, आणि त्याबरोबर शिवलेला खिसा आला. खिसा हा शब्द मूळ फारशी, त्याचा अर्थ थैली. पूर्वीं जी थैली निराळी बांधीत, ती आतां वस्त्रालाच चिकटली. दुसरीकडे १८७८ सालीं इंग्रज सरकारनें हत्यारांचा कायदा केला आणि परवान्यावांचून बंदूक-पिस्तूल बाळगणें गुन्हा ठरला. मिरविण्याचें शस्त्र ज्यांना परवाना मिळे अशा थोडक्यांच्या हातीं उरलें. इतरांच्या हातीं तें आलेंच तर लपून आलें. तिसरीकडे शस्त्रही आंखूड होत गेलें. घोडेस्वाराचें जुनें पिस्तूल खोगिराच्या चामडी घरांत लटके. अमेरिकेंतील हेन्री डेरिंजर या कारागिरानें तळहातांत मावणारीं पिस्तुलें प्रसिद्धीस आणलीं, आणि तसल्याच एका पिस्तुलानें १८६५ सालीं अध्यक्ष लिंकन यांचा घात झाला. पुढें जॉन ब्राउनिंग याच्या रचनेचें, बेल्जममध्यें १९०६ च्या सुमारास निघालेलें खिशांतलें पिस्तूल सुमारें तीस तोळ्यांचें होतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या वेळीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलानें. भरल्या प्रेक्षागृहांत शस्त्र गेलें आणि कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, यावरून काळ किती बदलला होता हें कळेल. ज्या पिढीच्या पणजोबांनीं कट्यार शेल्यावर मिरविली, त्या पिढीचें शस्त्र अस्तराच्या आंत गेलें. आणि झीजही बाहेरून आंत गेली.

तीस तोळे म्हणजे शंभर रुपयांच्या कशाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मग एवढ्याशा वजनानें आल्पाकाचा चांगला कोट कां खराब व्हावा? कारण कशाचा भार कमरेवर वांटला जातो, आणि खिशाचा भार तोंडाच्या दोन टोंकांवर लोंबतो. प्रथम तीं दोन टोंकें उसवतात. मग कोटाची ती बाजू खालीं ओढली जाऊन पुढचा पदर वांकडा पडतो. तिसरें, पावलागणिक पिस्तूल हलतें आणि त्याच्या घोड्याची, नेमाच्या दाण्याची व मुठीवरील खरबरीत नक्षीची घासणी एकाच जागीं होते. तेथें आधीं अस्तर विरतें, मग वरच्या कापडाची लव जाऊन चकाकी येते. चौथें, तेलाचे डाग आणि घामानें चढलेल्या गंजाचे डाग. जाणता शिंपी कोट हातांत घेतांच त्या चकाकीवरून ओळखी, कीं येथें काय वागवलें जात होतें. मालकानें जें जगापासून लपविलें, तें शिंप्याच्या बोटांना आधीं कळे.

उपाय काय? तेच जुनें तत्त्व. पिस्तूल उघडें खिशांत न टाकतां गुळगुळीत चामड्याच्या म्यानांत ठेवावें. तें सर्व बोंचरीं टोंकें झांकतें, चाप झांकून अपघातही टाळतें, आणि झिजलें तर तें एकटेंच बदलतां येतें. शेल्याचें काम आतां म्यान करतें. त्या खिशांत दुसरी कोणतीही वस्तु, किल्ली किंवा नाणें, ठेवूं नये. खिशाची पिशवी तलम अस्तराची न करतां दाट ड्रिलची करावी व तळाशीं दुहेरी करावी. पिशवी केवळ तोंडाला टांगूं नये. तिच्या वरच्या कडेस फीत शिवून ती फीत आंतून खांद्याच्या वा बाजूच्या भक्कम शिवणीशीं जोडावी, म्हणजे भार कापडावर न पडतां शिवणीवर पडतो. तोंडाच्या दोन्ही टोंकांमागें कापडाचा लहान तुकडा ठेवून टीप घालावी. आणि रात्रीं खिसा रिकामा करूनच कोट खुंटीला लावावा.

इतकें करूनही झीज यावयाचीच. तेव्हां भोंक पडण्याची वाट पाहूं नये. लव गेलेली दिसतांच आंतून मऊ कापडाचा जोड द्यावा. जोडाचें कापड आधीं भिजवून वाळवावें, नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आकसून चुण्या पाडतें. आणि त्याचा ताणा मूळ कापडाच्या ताण्याच्या दिशेनेंच ठेवावा. भोंक पडलेंच तर रफू. रफूगर त्याच कोटाच्या आंतल्या दुमडीतून धागे काढतो, प्रथम उभे ताणतो, मग आडवा धागा एकावर एक खालून-वरून विणीत नेतो. तो शिवीत नाहीं, पुन्हां विणतो. ताज्या तेलाच्या डागावर मुलतानी माती टाकून ती तेल शोषूं द्यावी. पांढऱ्या सुती कापडावरील गंजाचा डाग लिंबू व मीठ लावून उन्हांत ठेवल्यास फिका पडतो. रंगीत कापडावर मात्र हा प्रयोग आधीं दुमडीत करून पाहावा.

आपण म्हणाल, या जुन्या गोष्टींचा आज काय उपयोग? १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला. परवान्याचें बंधन कायमच आहे, आणि तें असणें योग्य आहे. श्रोत्यांपैकीं क्वचित् कोणाच्या खिशांत पिस्तूल असेल. परंतु खिशांत जड वस्तु प्रत्येकाच्याच असते, आणि विरलेला खिसा टाकून देण्याची संवय आपणांस लागत चालली आहे. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडाची गिरणी सुरू झाली. १९६४ सालीं ती बंद पडली. जेथें कापड निघतें, तेथील माणसास कापडाची किंमत कळते: एका हाताच्या कापडामागें किती जणांचे हात असतात हें त्यानें पाहिलेलें असतें. याच जिल्ह्यांतील पंढरीस एका शिंप्याच्या घरचा नामदेव संत म्हणून पूजिला गेला, आणि त्याच्या नांवाच्या पायरीवर आजही वारकरी मस्तक ठेवतात. सुईदोऱ्याचा धंदा हलका मानणारांनीं हें विसरूं नये.

पराक्रमाचा इतिहास लिहितांना आपण शस्त्र मोजतों. तें शस्त्र वेळेवर हातीं आलें, कारण तोंपर्यंत एका कापडानें तें मुकाट्यानें धरून ठेवलें होतें, आणि तें कापड कोणी तरी रात्रीं दिव्यापाशीं बसून सांधलें होतें. त्याचें नांव बखरींत नाहीं, त्याचें काम संग्रहालयांत नाहीं. आपल्या घरांत एखादा जुना कोट असेल, तर त्याचा खिसा एकदां उलटा करून पाहा. तेथें एखादी बारीक वीण दिसेल. ती ओळखूं आली, तर आजच्या बोलण्याचें सार्थक झालें असें मी समजेन.