एकसष्टाचें ज्येष्ठ मूळ

१,७६,६३,१९,०४९ या संख्येचा वर्ग करावा, त्यांतून एक वजा करावा आणि बाकीस ६१ नें भागावें. येणारा भागाकार २२,६१,५३,९८० या पूर्णांकाचा बरोबर वर्ग असतो. शून्याची क्षुल्लक जोडी सोडली तर हें नातें पाळणारी याहून लहान जोडी नाहीं. ६० घेतल्यास ३१ आणि ४ यांवर काम भागतें; ६२ ला ६३ आणि ८ पुरतात. मधल्या एकसष्टासच एवढा पल्ला लागतो, हें पाहून आश्चर्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास हेंच उदाहरण 'बीजगणितां'त घातलें. त्यांच्या परिभाषेंत ६१ ही 'प्रकृति', वरील मोठी संख्या 'ज्येष्ठ मूळ' आणि लहान संख्या 'कनिष्ठ मूळ'. रीतीचें नांव 'चक्रवाल'. आरंभ अगदीं साधा आहे: ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. आतां ८ मध्यें मिळविला असतां बेरजेस ३ नें निःशेष भाग जावा व ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ राहावा, असा गुणक ७ घेतला, कीं चाकाच्या एकाच फेऱ्यांत ३९ आणि ५ हातीं येतात. ३९ चा वर्ग ५ च्या वर्गाच्या एकसष्ट पटीहून ४ नें उणा आहे. येथें ब्रह्मगुप्ताचा ६२८ सालचा 'भावने'चा नियम कामास येतो. ही जोडी स्वतःशींच जुळवीत गेलें म्हणजे २९,७१८ व ३,८०५ मिळतात, आणि फरक एकाचाच उरतो, पण तो उणा. तीच जोडी पुनः स्वतःशीं जुळविली कीं उत्तर तयार! एकेक आंकडा तपासणारास बावीस कोटींवर प्रयत्न करावे लागले असते. येथें कागदाची एक बाजूहि भरत नाहीं.

पुढें १६५७ सालीं फर्मानें फ्रेनिकलपुढें हाच ६१ चा प्रश्न टाकला, आणि तोहि फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतों अशा आविर्भावानें. फर्माच्या आव्हानास इंग्लंडांत ब्राउंकरनें उत्तर शोधलें. ऑयलरनें मात्र चुकून श्रेय पेलला दिलें, आणि 'पेलचें समीकरण' हें नांव रूढ झालें. कोलब्रुकचें 'बीजगणिता'चें इंग्रजी भाषांतर निघालें तें १८१७ त.

खानदेशांतील पाटण येथील शिलालेखामुळें भास्कराचार्य आम्हां महाराष्ट्रीयांस घरचे वाटतात, आणि पेलचें नांव ऐकून आम्ही चडफडतों. चडफडणें रास्तच आहे. पण दोन गोष्टी एकत्र कालवूं नयेत. उत्तर काढणें निराळें, आणि रीत प्रत्येक वेळीं उत्तरापर्यंत नेईलच हें सिद्ध करणें निराळें. अशा समीकरणास उत्तर असतेंच, याची सिद्धता लाग्रांजनें १७६८ च्या सुमारास दिली. चक्रवालाची म्हैसूरच्या कृष्णस्वामी अय्यंगारांनीं, १९२९-३० त.

शिवाय श्रेयाच्या बाबतींत आमचेंहि घर तपासण्यासारखें आहे. चक्रवाल हें नांव पूर्वसूरींचें, असें स्वतः भास्कराचार्यच सुचवितात. आम्ही मात्र ती रीत खुशाल त्यांच्या एकट्याच्या नांवें लावीत आलों. १९५४ सालीं लखनौच्या कृपाशंकर शुक्लांनीं उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेंतील जयदेव नामक आचार्याचे श्लोक उजेडांत आणले. त्यांत चक्रवाल आहे, आणि टीका भास्कराचार्यांच्या जन्माच्या एकेचाळीस वर्षें आधींची आहे. जयदेवाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं.